तिसरं तिकीट आणि एकसष्ट सूचना

माझा साडू देवीदास याला सुराचं काही कळत नाही. हे मी हेव्यापोटी म्हणत नाही, पुराव्यानिशी म्हणतो. स्वतःच्या वरातीत बँड थांबल्यावरही तो पाच मिनिटं नाचत होता. आरतीत त्यानं टाळ्या धरल्या की शेजारचा माणूस शब्द विसरतो. अकोल्याला जठारपेठेत त्याचं फुलांचं दुकान आहे, गावाबाहेर दोन एकरांत निशिगंध आणि शेवंती आहे, आणि फुलांतलं त्याला जेवढं कळतं तेवढं अख्ख्या वऱ्हाडात कुणाला कळत नसेल, हेही मी मोकळ्या मनानं कबूल करतो. पण फुलं वेगळी आणि संगीत वेगळं. तर असा हा देवीदास यंदा हॉलंडला तीन दिवसांच्या संगीत महोत्सवाला जाऊन आला.

मी गेलो नाही. मी म्हणजे शेखर, मुक्काम अमरावती, वय चोपन्न. माझ्या घरी पेटी आहे. पेटीच्या दोन परीक्षा मी पास आहे. तिसरीला भूप रागाविषयी परीक्षकांची आणि माझी मतं जुळली नाहीत. रोज संध्याकाळी साडेसहा ते साडेसात रियाज असतो. तो शेजाऱ्यांच्या इतका अंगवळणी पडलाय की साडेसहाला बिल्डिंगच्या सगळ्या खिडक्या आपोआप बंद होतात. डासांमुळं, असं ते सांगतात.

पोटासाठी मी नांदगाव पेठेच्या एमआयडीसीत एका कापड कारखान्यात सुरक्षा अधिकारी आहे. सुरक्षा अधिकारी म्हणजे गेटवर बसतो तो नव्हे. हे मला प्रत्येक लग्नात कुणाला ना कुणाला समजावून सांगावं लागतं. माझं काम अपघात होऊ न देणं. एक हजार दिवस अपघात झाला नाही तर मला सपत्नीक सिंगापूर, असं कंपनीनं एकदा कबूल केलं होतं. मी लगेच माझा आणि बायकोचा पासपोर्ट काढला. नऊशे अठ्ठ्याण्णवाव्या दिवशी ‘फरशी ओली आहे’ ही पाटी नीट दिसावी म्हणून मी ती सरकवायला गेलो आणि घसरलो. मनगट मोडलं, गेटवरच्या अपघाताविना दिवसांच्या फलकावरचा आकडा शून्यावर आला आणि दोन कोरे पासपोर्ट कपाटात जाऊन पडले.

आता मुद्द्यावर येतो. देवीदासची मुलगी रागिणी अकोल्याच्या कृषी विद्यापीठात शिकली आणि हॉलंडला फुलांच्या एका कंपनीत नोकरीला लागली. तिचं हे नाव मी ठेवलेलं आहे. बारशाला देवीदास ‘शेवंता’ म्हणून अडून बसला होता, तेव्हा मी मध्ये पडलो. या गोष्टीला पुढं महत्त्व आहे, निदान माझ्या दृष्टीनं.

गणपती उठले त्या आठवड्यात रागिणीचा फोन आला. पुढच्या जुलैत तिच्या गावाजवळ एका मोठ्या कुरणावर संगीताची जत्रा भरणार होती, तीन दिवस, सहा मंच, साठ हजार माणसं, राहायला तंबू. तिनं आत्ताच तीन तिकिटं काढली होती. एक तिचं, एक बापाचं, एक आईचं. पण आईनं, म्हणजे माझ्या मोठ्या मेहुणीनं, बेबीताईंनी, पहिल्या मिनिटालाच निकाल लावून टाकला.

“मी त्या इमानात बसत नाही. खाली जमीन नाही न काही नाही, माणसानं पाय कोठी टेकवावं?”

म्हणजे तिसरं तिकीट मोकळं झालं. त्यावर डिसेंबरअखेरपर्यंत दुसऱ्याचं नाव घालता येणार होतं.

मी काय म्हणतो ते वाचकांच्या लक्षात आलंच असेल. घराण्यात संगीत कळणारा माणूस एक. पासपोर्टवाला माणूस तोच. मुलीचं नाव ठेवणारा माणूसही तोच. मी आठ दिवस फोन खिशाऐवजी हातात घेऊन हिंडलो. अंघोळीला जाताना तो खिडकीत ठेवला. फोन आला नाही. नवव्या दिवशी देवीदासचा आला, पण त्याला गुलाबावर कोणतं औषध मारावं यावर माझ्या कारखान्यातल्या केमिस्टचं मत हवं होतं.

“सरळ मागा ना तिकीट,” माझी बायको वर्षाली म्हणाली. “आपलीच पोरगी हाये. नाई थोडी म्हणणार हाये ते.”

“मी मागणार नाही,” मी म्हणालो. “त्यांना कळायला पाहिजे.”

“तुमी सांगाल नाई, अन् त्यायले कळलं पाहिजे. तीस वर्षांपासून मी हेच करून राहिली तुमच्या संगं, अजून तं काही कळलं नाई तुमाले.”

बायकांना मानापमानातलं फारसं समजत नाही, असं मनाशी म्हणत मी गच्चीवर गेलो. तिथं खुशालराव भेटले. खुशालराव आमचे वरच्या मजल्यावरचे शेजारी, एसटीतून वाहतूक नियंत्रक म्हणून निवृत्त झालेले. बडनेऱ्यापलीकडे ते कामाशिवाय कधी गेले नाहीत, पण परदेशाविषयी त्यांना विचारा. त्यांना म्हणे एकदा एका प्रवाशानं सगळं सांगितलं होतं.

“शेखरराव, तुमी मागू नोका,” ते म्हणाले. मला बरं वाटलं. “त्यायलेच तुमची गरज पडली पाह्यजे. तुमचा धंदा काय? सुरक्षा. साठ हजार लोक, परका मुलूख, दारू पिऊन राहिलेले पोट्टे, तंबूत झोपणं. अशा ठिकाणी फुलवाल्या माणसाले एकटं कोणी धाडते का? तुमी फक्त धोके सांगा. एवढे सांगा का थो स्वतः म्हणीन, साडूभाऊ, तुमीच चला सोबत.”

एसटीनं या माणसाला आयुष्यभर स्टँडवर का बसवून ठेवलं हे मला कळत नाही. मी त्याच दिवशी रियाजाला सुट्टी देऊन लिहायला बसलो. ‘परदेशी संगीत महोत्सव : उपस्थितांसाठी सुरक्षा सूचना.’ पंधरा सूचना अर्ध्या तासात झाल्या. पासपोर्टची झेरॉक्स वेगळ्या पिशवीत ठेवावी. अनोळखी माणसाच्या हातचं पेय घेऊ नये. स्पीकरच्या जवळ उभं राहू नये, कानात कापूस घालावा. बाहेर पडायची वाट आत शिरतानाच पाहून ठेवावी. हे सगळं खरंच उपयोगाचं आहे, त्याबद्दल मला आजही शंका नाही. पण पंधरा धोक्यांना देवीदास घाबरला नसता. म्हणून मी पुढं लिहीत गेलो. तंबूला आग लागल्यास. मंच कोसळल्यास. गवतात साप निघाल्यास. (हॉलंडात साप आहेत की नाहीत हे मी पाहिलं नाही, कारण नसते तर एक सूचना कमी झाली असती.) गायकानं अचानक गर्दीत उडी मारल्यास. शेवटी एकसष्ट झाल्या. मी त्यांचं कार्ड छापलं, लॅमिनेट केलं, गळ्यात अडकवायला दोरी लावली आणि फोटो काढून घरच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकला.

देवीदासनं अंगठा दाखवला. बेबीताईंनी हात जोडले. रागिणीनं लिहिलं, ‘काकाजी, किती काळजी करता आमची!’ पुढं तीन लाल बदाम. मी त्या बदामांचा अर्थ लावण्यात दोन दिवस घालवले.

दरम्यान पासपोर्ट पाहिला तर मार्चमध्ये संपत होता. ऐनवेळी धावपळ नको म्हणून मी नव्यासाठी अर्ज केला, आणि एकाच फेरीत दोन कामं होतात म्हणून बायकोचाही फॉर्म माझ्याच हातानं भरला. हे वाक्य मी मुद्दाम साधेपणानं लिहितोय. माझ्याच हातानं, निळ्या शाईत, एकही खाडाखोड न करता भरला. तिचा पासपोर्ट अकरा दिवसांत घरी आला. माझा अडकला. मधल्या काळात बिल्डिंगचं नाव ‘गोदावरी’चं ‘गोदावरी हाइट्स’ झालं होतं. तिच्या आधारवर जुन्या पासपोर्टातलंच नाव होतं आणि माझ्या आधारवर नवं, कारण बदल वेळेवर करून घेणारा घरात मी एकटाच. चौकशीला आलेल्या हवालदारानं विचारलं, “जाऊन कोठी राहिले?”

“हॉलंडला,” मी म्हणालो.

“तिकीट?”

“ते अजून मला कुणी विचारलेलं नाही.”

त्यानं वहीत काहीतरी लिहिलं. काय लिहिलं ते मला दिसलं नाही, पण बरंच लिहिलं.

ऑक्टोबरात रागिणी दिवाळीच्या सुट्टीवर आली. त्याच सुमारास अमरावतीजवळ गुरुकुंज मोझरीला राष्ट्रसंत महाराजांची पुण्यतिथी असते आणि लाखावर माणूस जमतं. देवीदास त्या आठवड्यात दरवर्षी तिथं फुलांच्या दुकानाचं पाल टाकतो. मला एकदम सुचलं. कारखान्यात आम्ही दर तीन महिन्यांनी आगीची रंगीत तालीम घेतो. तशीच महोत्सवाची रंगीत तालीम मोझरीला घ्यायची! गर्दीत मी यांना कसा सांभाळतो, हे रागिणीनं डोळ्यांनी पाहिलं की तिकिटावर नाव कुणाचं घालायचं हा प्रश्नच उरणार नव्हता.

तयारीत मी कसर ठेवली नाही. ऑनलाइन चार अलार्म मागवले. काडेपेटीएवढी डबी, तिच्यात एक पिन. पिन उपसली की असा किंचाळते की कानठळ्या बसाव्या, आणि पिन परत बसवल्याशिवाय गप्प होत नाही. संकटात पिन उपसायचं सुचलं नाही तर काय, असा विचार करून मी त्यात स्वतःची एक सुधारणा केली. डबी कमरेच्या पट्ट्याला, पिनला दोरी, दोरीचं दुसरं टोक मनगटाला. कुणी हात धरून ओढला की अलार्म आपोआप वाजणार. दोरीची लांबी मी हात सरळ खाली सोडून, टेपनं मोजून घेतली.

मोझरीला मी चमकत्या पट्ट्यांचं केशरी जाकीट घालून गेलो. पालात देवीदास गुलाबांवर पाणी शिंपडत बसला होता. मी सगळ्यांच्या गळ्यात कार्डं घातली आणि अलार्म वाटू लागलो. देवीदासनं त्याचा फुलांच्या टोपलीत टाकला.

“साडूभाऊ, मी अथी तीस वर्षांपासून बसून राहिलो,” तो म्हणाला. “गर्दीत हरवलं तं आहे थ्या जागी बसून राहावं. दोघंही फिरत राहिले तं भेटतीन कधी?”

“हॉलंडला हे चालत नाही,” मी म्हणालो. “तिथं भेटीचं ठिकाण ठरवून ठेवावं लागतं. सूचना क्रमांक नऊ.”

भेटीचं ठिकाण म्हणून मी दक्षिणेच्या बाजूची पाण्याची निळी टाकी ठरवली. चौघांनी चार दिशांना जायचं, गर्दीत मिसळायचं आणि बरोबर साडेचारला टाकीपाशी यायचं. देवीदासनं गिऱ्हाईक आहे म्हणून नकार दिला. म्हणजे रागिणी, वर्षाली आणि मी. मी सर्वांत अवघड दिशा घेतली.

पाण्याची निळी टाकी ही वस्तू लाख माणसांच्या मेळाव्यात एकच असत नाही, हे मला पहिल्या टाकीपाशी कळलं नाही. तिथं मी पंधरा मिनिटं उभा होतो. तिसऱ्या टाकीपाशी शंका आली. सहाव्या टाकीपाशी एका बाईनं माझं जाकीट पाहून मला नळ दुरुस्त करायला सांगितलं. तिथून परत फिरावं तर आलो कुठून तेच कळेना. फोनला रेंज नव्हती. तेवढ्यात भोंग्यातून आवाज आला.

“अमरावतीचे शेखरराव, वय वर्षे चोपन्न, अंगात केशरी चमकणारं जाकीट, गळ्यात कार्ड. सुरक्षा अधिकारी आहेत. हरवले आहेत. कोणाला दिसल्यास त्यांना हाताला धरून सूचना केंद्राजवळ आणून सोडावे. घरचे लोक वाट पाहत आहेत.”

हे तीन वेळा सांगितलं. आजूबाजूची वीस-पंचवीस डोकी माझ्याकडे वळली. एका गृहस्थांनी खरोखरच माझा हात धरायला हात पुढं केला. मी त्यांना सांगितलं की मी तो नव्हे. त्यांनी जाकीट पाहिलं, कार्ड पाहिलं आणि मोठ्या मनानं मान हलवली. मी केंद्राच्या दिशेनं, म्हणजे आवाजाच्या दिशेनं, भराभरा चालू लागलो. आणि चार वाजून अठ्ठावन्न मिनिटं झाली.

महाराज गेले ती ही वेळ. मोझरीला ज्यानं ती अनुभवली नाही त्याला सांगून पटायचं नाही. लाख माणसं जिथल्या तिथं उभी राहतात. भोंगा बंद, गाड्या बंद, लेकरू रडत नाही. मौन श्रद्धांजली. मी लहानपणापासून येतोय, दरवेळी अंगावर काटा येतो. त्या दिवशीही आला. मी डोळे मिटले आणि सवयीनं दोन्ही हात छातीशी जोडले.

दोरी हात खाली सोडून मोजलेली होती.

तो आवाज मी वर्णन करणार नाही. कारखान्यात बॉयलरची शिट्टी मी ऐकली आहे, ती बंद खोलीत वाजते. हा आवाज त्या शांततेत कुठंही न अडखळता, थेट क्षितिजापर्यंत गेला असावा. पिन मनगटाला लोंबत होती, डबी कमरेला, आणि पिनचं भोक काही केल्या सापडेना. मी डबी मुठीत दाबली, जाकिटात खुपसली, शेवटी तिच्यावर बसलो. ती खालून ओरडत राहिली. शेजारी एक म्हातारी होती. तिनं डोळे उघडले, शांतपणे वाकून माझ्या कमरेची डबी सोडवली, स्वतःच्या पिशवीतून पिठाचा डबा काढला, डबी पिठात पुरली, झाकण लावलं, वर आपली घडी केलेली घोंगडी ठेवली आणि परत हात जोडून डोळे मिटले. मौन संपल्यावर ती मला म्हणाली, “काहून बापा, काय झालं तुह्या जीवाले? घरचं कोणी हाये का संगं?”

मला तिनंच केंद्रापर्यंत पोचवलं. हाताला धरून.

पालावर परतलो तेव्हा देवीदास गिऱ्हाइकाला हार बांधून देत होता. तो बोलला असता तर मला भांडता आलं असतं. त्यानं चहा मागवला आणि माझ्या जाकिटावरचं पीठ झटकलं. वर्षाली मात्र नव्हती. माझा पुकारा करायला तिला टाकीपाशीच सोडून आलेली रागिणी धावत गेली आणि तिला घेऊन आली. ती बरोबर दक्षिणेच्या निळ्या टाकीपाशी, साडेचारला पोचून, सव्वापाचपर्यंत जागची न हलता उभी होती.

“सूचना क्रमांक नऊ,” वर्षाली म्हणाली. “तुमीच तं लिहिली.”

दिवाळीच्या पाडव्याला आम्ही जठारपेठेत जेवायला बसलो होतो. रागिणीनं अनारसा मोडता मोडता सांगितलं, “काकाजी, तिसऱ्या तिकिटावर मी मावशीचं नाव घातलं.”

माझा घास हातातच राहिला.

“मी तं तुमालेच नेणार होती,” रागिणी म्हणाली. “संगीतातलं तुमाले कळते, अन् माहं नाव तुमीच ठेवलं. तुमी म्हणण्याची वाट पाहून राहिली होती. पण तुमी एकसष्ट धोके लिहून धाडले. मले वाटलं, तुमाले गर्दीची भल्ली भीती वाटते, म्हणून तुमी नाई म्हणून राहिले. अन् मोझरीले तं मी डोयानं पाह्यलं. तुमाले तथी नेऊन काही झालं तं मावशीले मी काय तोंड दाखवू?”

मला भीती वाटत नाही, असं म्हणावं तर एकसष्ट सूचना खोट्या ठरतात. वाटते म्हणावं तर मी खोटा ठरतो. मी अनारसा खाल्ला. मी बायकोकडे पाहिलं. ती नाही म्हणेल असं मला क्षणभर वाटलं होतं.

“तीस वर्षं मी एकाच माणसाचं संगीत ऐकून राहिली,” ती म्हणाली. “आता जरा दुसरं ऐकून येतो म्हणते.”

पुढचे आठ महिने कसे गेले ते मी थोडक्यात सांगतो, कारण विस्तारानं सांगितलं तर मी कोत्या मनाचा वाटेन. मी जळलो. बायको मुंबईला व्हिसाचे बोटांचे ठसे देऊन आली, तेव्हा मी तिच्या बोटांवरही जळलो. खुशालराव तिला परदेशाची माहिती द्यायला रोज खाली येऊ लागले, आणि जाताना मला म्हणत, “तुमची सूचना बाकी कामाची निघाली हो, वहिनींच्या.” माझा पासपोर्ट जानेवारीत आला. ‘हाइट्स’सकट. मी तो कपाटात ठेवला.

जुलैत ती निघाली. निघायच्या आदल्या दिवशी मी तिच्या कमरेला अलार्म बांधला. म्हणाल तर चांगुलपणा, म्हणाल तर धंद्याची सवय. दोरी मी आता हात छातीशी जोडून, वर चार बोटं जास्त सोडून मोजली होती. चूक दोनदा करणारा माणूस मी नव्हे. कार्ड तिनं स्वतःहून गळ्यात घातलं.

बेबीताई दुकानात एकट्या पडणार म्हणून पंधरा दिवस मी त्यांच्या मदतीला जावं, असं माझ्या गैरहजेरीत ठरलं होतं. त्यामुळं साठ हजार लोक परदेशात संगीत ऐकत असताना मी जठारपेठेत सुईनं निशिगंध ओवत होतो. बेबीताई शेजारी बसून माझे हार उसवत होत्या.

“भाऊजी, देठ एका बाजूले. देवाच्या गळ्यात टोचते थे. तिकडं पाहा, वर्षाली कशी पाहून राहिली असीन, अन् तुमाले एक हार जमत नाई.”

महोत्सवाच्या दुसऱ्या दिवशी, संध्याकाळी साडेपाचला, तिचा व्हिडिओ कॉल आला. तिथं दुपार होती. पडद्यावर आधी आभाळ दिसलं, मग देवीदासचा कान, मग ती. डोक्यावर फुलांचा मुकुट होता. तो देवीदासनं तिथल्या फुलांचा करून दिला होता. तीस वर्षांत मी तिला असं हसताना पाहिलं नव्हतं, किंवा पाहिलं असेल तर कारण मी नसेन. मागं छोटा मंच, हजारभर लोक आणि एक पांढऱ्या दाढीचा माणूस गळ्यात अडकवलेलं भलंमोठं वाद्य वाजवत होता. भाता ओढायचा, पट्ट्या दाबायच्या. म्हणजे पेटीच! गळ्यात अडकवलेली पेटी! तो वाजवत होता ते मला इथं, निशिगंधाच्या ढिगात बसून, फोनच्या एवढ्याशा भोंग्यातूनही कळलं. फार सुंदर वाजवत होता. देवीदास भलत्याच ठिकाणी टाळ्या देत होता. मी सुई निशिगंधाऐवजी बोटात टोचून घेतली.

“बरी आहेस ना?” मी ओरडलो.

“काय?”

“सुरक्षित आहेस ना?”

वाजवणं संपलं. मोठा कलावंत दिसला की आमच्याकडचा माणूस हात छातीशी जोडत नाही, कपाळाच्याही वर नेऊन जोडतो. हे मला माहीत होतं, पण दोरी मोजताना आठवलं नव्हतं. तिचे हात वर जाताना मी पाहिले.

“हात खाली!” मी किंचाळलो. जठारपेठेतली तीन गिऱ्हाइकं दचकून हात खाली सोडून उभी राहिली.

फोनमधून तो ओळखीचा आवाज आला. पडदा हलला, गवत दिसलं, कुणाचे तरी बूट दिसले, आणि पडदा काळा झाला.

मी परत लावला. लागला नाही. देवीदासचा लावला, रागिणीचा लावला. लागला नाही. बेबीताईंनी हातातली वेणी टाकली आणि म्हणाल्या, “माही बहीण कोठी गेली वो?” अलार्म ऐकून लोक पळाले असतील. चेंगराचेंगरी, सूचना बारा. मंच कोसळला असेल, सूचना सत्तावीस. मी रुबाबासाठी लिहिलेलं प्रत्येक संकट एकामागून एक माझ्या बायकोवर येऊन पडत होतं, आणि एकसष्टपैकी एकही मला तिथं पोचवू शकत नव्हतं. गल्ल्यावर त्या कार्डाची एक प्रत चिकटवलेली होती. सूचना त्रेचाळीस: फोन बंद पडल्यास घाबरू नये. मला लिहिणाऱ्याच्या कानाखाली वाजवावीशी वाटली. मला हॉलंड नको होतं, महोत्सव नको होता. मला ती हवी होती, या दुकानात, माझी चूक काढायला. दुकानातल्या गणपतीच्या फोटोकडे पाहून मी मोठ्यानं म्हणालो, “ती सुखरूप दिसू दे. जन्मात पुन्हा कुणाचा हेवा करणार नाही.” बेबीताई साक्षीला आहेत.

दहा मिनिटांनी रागिणीच्या फोनवरून कॉल आला.

वर्षाली दिसली. हसत होती, धडधाकट होती, फुलांचा मुकुट थोडा तिरका झाला होता एवढंच. मी रडलो. ते बेबीताईंनीही पाहिलं, त्याला इलाज नाही.

“घाबरले का? माहा फोन खाली पडला होता, अन् गर्दीत कोणालेच रेंज नोती,” वर्षाली म्हणाली. “अन् मी कोठी हाये सांगा बरं!”

रागिणीनं फोन मागं नेला. वर्षाली मंचावर होती. आवाज ऐकून त्या दाढीवाल्यानं हे कोणतं वाद्य म्हणून तिला वर बोलावलं होतं. तिनं रागिणीकरवी सांगितलं, हे नवऱ्यानं बांधून दिलं, आणि नवरा घरी पेटी वाजवतो. मग, मी फोनवर पाहत असताना, त्यानं स्वतःचं वाद्य तिच्या गळ्यात घातलं. आणि माझ्या बायकोनं, जिनं आयुष्यात पेटीला फडक्याशिवाय हात लावला नाही, तिनं तीस वर्षं स्वयंपाकघरातून ऐकलेला माझा भूप, पहिल्या आठ सुरांपर्यंत, एकही सूर न चुकता वाजवला. तिसऱ्या परीक्षेत मी अडलो होतो ती जागाही ती सहज ओलांडून गेली. हजार माणसं उभी राहून टाळ्या वाजवू लागली. माझ्या पेटीपुढं आजवर एका वेळी तीनाच्या वर माणूस बसलेला नाही, आणि त्यातला एक वीज मीटर वाचायला आला होता.

गणपतीला दिलेला शब्द मी पाळला. चांगलं दीड मिनिट.